बांध कोरणाऱ्या पेशी

१९७० च्या सुमाराला स्वीडनमधल्या एका ८१ वर्षांच्या बाईच्या मूत्राशयातल्या गाठीतून काही पेशी काढून प्रयोगशाळेत वाढवल्या गेल्या. ती बाई जाऊन कित्येक वर्षं झाली असतील. तिच्या पेशी मात्र अजून वाढताहेत, जगभरच्या प्रयोगशाळांमध्ये, ३७ अंशांच्या कपाटांत, टी२४ या नावानं. मूत्राशयाच्या कॅन्सरबद्दल आज जे समजलंय त्यातलं बरंच काही त्या एका आजीबाईच्या पेशींनी समजावलंय.

मी त्या पहिल्यांदा पाहिल्या पुण्यात, प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांसाठी भरलेल्या एका उजळणी वर्गात. तळहातात मावेल अशी प्लास्टिकची चपटी डबी. तिच्या तळाला सिलिकॉनचा एक लहानसा ठोकळा चिकटवलेला. ठोकळ्यात दोन कप्पे आणि मध्ये जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची भिंत. एका कप्प्यात मूत्राशयाच्या निरोगी अस्तराच्या पेशी, हिरव्या चमकाव्यात अशी सोय केलेल्या. दुसऱ्या कप्प्यात टी२४, लाल. दोन्हीकडचा तळ पेशींनी गच्च भरला की चिमट्यानं तो ठोकळा अलगद उचलायचा. मध्ये अर्ध्या मिलिमीटरची मोकळी पट्टी राहते. वरून गुलाबी द्रव सोडायचा, डबी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची आणि कॅमेऱ्याला दर काही मिनिटांनी फोटो काढायला लावायचं. मग ते सगळे फोटो एकामागून एक पळवून बघायचे.

पडद्यावर दोन्ही बाजू पुढं सरकू लागल्या. हिरव्या पेशी एकमेकींना न सोडता, सलग येत होत्या. लाल पेशी सुट्या सुट्या, एखादी पुढं, एखादी मागं. मधली पट्टी बुजली आणि दोघी भिडल्या. शेजारीण अंगाला लागली की थांबायचं, हा निरोगी पेशीचा स्वभाव आहे. हिरव्या थांबल्या. लाल थांबल्या नाहीत. एका कोपऱ्यातली हिरवी पेशी मी डोळ्यांनी धरून ठेवली होती. तिच्या तिन्ही बाजूंना लाल पेशी आल्या. ती आधी अरुंद झाली, मग लांबट, मग कडा आत ओढून घेत गेली. एका फोटोत ती अजून तळाला धरून होती, पुढच्या फोटोत गोल, चकचकीत होऊन तळापासून सुटलेली, आणि त्याच्या पुढच्यात तिथं लाल. मारामारी कुठंच दिसली नाही. जागा गेली, एवढंच.

आमच्याकडं ज्याची शेती आहे त्याला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. दरवर्षी नांगरताना शेजारी बांधाची एक वीत आपल्याकडं ओढून घेतो. त्या दिवशी भांडण होत नाही, कारण त्या दिवशी काही झाल्यासारखं दिसतच नाही. दहा-पंधरा वर्षांनी मोजणीदार येतो तेव्हा कळतं की कित्येक गुंठे गेलेत. बांध कोरणारा परगावचा नसतो, बहुतेक वेळा भाऊबंदच असतो. आणि बांध किती कोरला जाईल हे कोरणाऱ्याच्या हावेवर जितकं ठरतं, तितकंच अलीकडच्या शेतात कोण उभं आहे यावरही ठरतं.

ही दुसरी गोष्ट मला मामांच्या आजारपणात नीट समजली.

मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ. आधी सोलापुरात साखर पेठेतल्या एका लहान डाईंगमध्ये आणि पुढं अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, असं त्यांचं सगळं आयुष्य सूत रंगवण्यात गेलं. सोलापुरी चादर आणि टॉवेल जगाला माहीत आहेत, त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालंय. पण चादरीतला लाल नि निळा सुतात कसा उतरतो ते गावातल्याही फार थोड्यांनी जवळून पाहिलेलं असतं. सुताच्या लड्या दांड्यांवर टाकायच्या, वाफाळत्या रंगाच्या हौदात सोडायच्या, दांडे उलटेपालटे करत राहायचं, मग पिळायचं, वाळवायचं. हातमोजे कुणी घालत नव्हतं. रंगाची पावडर डब्यातून मोजून घेताना हवेत उडायची ती नाकातोंडात जायचीच. आम्ही पोरं मामांच्या हाताकडं बघून आज कुठला रंग चालू आहे ते सांगायचो. नखांच्या कडेचा रंग तर दिवाळीतसुद्धा निघायचा नाही. त्यात दिवसभर बिडी.

त्यांना लघवीतून रक्त गेलं ते मे महिन्यात. सोलापूरचा मे, म्हणून उन्हाळी लागली असेल असं सगळ्यांनी धरलं. मामींनी धने-जिऱ्याचं पाणी दिलं, सब्जा दिला. रक्त थांबलं. दुखत नाही, आपोआप थांबतं, म्हणून घराघरात हे लक्षण असंच मागं पडतं. आणि मूत्राशयाच्या कॅन्सरचं बहुतेकांना जाणवणारं पहिलं लक्षण नेमकं हेच असतं: न दुखता येणारं, मधेच गायब होणारं रक्त. मी हे वाक्य वर्गात दरवर्षी फळ्यावर लिहिते आणि पोरांना घरी जाऊन मोठ्या माणसांना सांगायला लावते.

दसऱ्याच्या आसपास गुठळ्या पडायला लागल्या तेव्हा सोनोग्राफी झाली, मग दुर्बीण. गाठ लघवीच्या वाटेनं दुर्बिणीतूनच खरवडून काढली. रिपोर्टात दिलासा होता, गाठ स्नायूत उतरलेली नव्हती. या कॅन्सरच्या दर चार नव्या रुग्णांपैकी साधारण तिघांची हीच अवस्था असते. पण त्याच माणसांना तो पुन्हा पुन्हा छळतो. काही महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घातली तर आणखी दोन ठिकाणी लाल चट्टे. पहिल्या जागेवर नाहीत, दुसऱ्याच बाजूला.

“समदं काढलं म्हनले की डॉक्टर,” मामा म्हणाले. “मग परत कसं काय येलालंय ते?”

त्यांना मिळालेलं उत्तर होतं, हा आजार असाच असतो, परत येतो. हे खरं आहे, पण हे उत्तर नव्हे. ज्या माणसाच्या अंगात ते चाललंय त्याला ते का चाललंय हे समजून घ्यायचा हक्क आहे, तो चौथी शिकलेला असला तरी. मामांना समजेल असं उत्तर द्यायचं म्हणून मी वाचायला बसले.

आधी ते अस्तर. मूत्राशयाच्या आतल्या बाजूला पेशींचे पाच-सात थर असतात. सगळ्यात खाली मूळपेशी, मध्ये मधल्या, आणि लघवीला लागून सगळ्यात वर मोठ्या, पसरट पेशी, ज्यांना त्यांच्या रूपावरून छत्रीपेशी म्हणतात. या छत्रीपेशींची वरची कातडी चिवट प्रथिनांच्या पट्ट्यांनी मढवलेली असते, म्हणून लघवीतलं विष परत रक्तात मुरत नाही. मूत्राशय भरू लागलं की पेशी आत घडी करून ठेवलेलं आवरण बाहेर काढतात आणि ताणतात, रिकामं झालं की परत आत घेतात. आतड्याचं अस्तर चार-पाच दिवसांत नवं होतं. हे मात्र महिनोन्‌महिने तेच असतं. पण जंतुसंसर्ग झाला, ओरखडा पडला, की तळाच्या मूळपेशी जाग्या होतात आणि बघता बघता सगळं अस्तर पुन्हा उभं करतात. मला या गोष्टीचं आजही नवल वाटतं. एवढं शांत, एवढं संयमी अस्तर, आणि गरज पडली की एवढ्या घाईनं उभं राहणारं. हीच घाई चुकीच्या पेशीच्या हाती लागली की काय होईल, ते पुढं येतंच.

आता विष. १८९५ मध्ये फ्रँकफर्टच्या लुडविग रेन या शल्यचिकित्सकानं सांगितलं की फुक्सिन नावाचा किरमिजी रंग बनवणाऱ्या कारखान्यातल्या कामगारांना मूत्राशयाच्या गाठी होताहेत. त्या वेळी त्यावर खूप वाद झाला. रंगात दोष नेमका कशाचा, हे प्रयोगानं दाखवायला १९३८ साल उजाडलं. विल्हेल्म ह्यूपर आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांना दीर्घकाळ बीटा-नॅप्थिलअमाईन हे रंगधंद्यातलं रसायन दिलं आणि कुत्र्यांच्या मूत्राशयात गाठी झाल्या. मूत्राशयाच्या कॅन्सरचं प्रयोगशाळेतलं पहिलं ठाम प्रारूप, म्हणजे आजाराची नक्कल, ते. असे पदार्थ श्वासातून, कातडीतून आत जातात, यकृत त्यांच्यावर प्रक्रिया करतं, मूत्रपिंड त्यांना लघवीत सोडतं आणि मग ते तासन्‌तास मूत्राशयात साठून राहतात. शरीरातून ते क्षणभरात जातात, मूत्राशयात मात्र मुक्काम करतात. म्हणून मार तिथं बसतो.

बेंझिडीन हे रसायनही याच, अमाईनांच्या कुळातलं. १८८४ मध्ये शोधला गेलेला काँगो रेड हा त्याच्यापासून बनलेला, सुती धाग्यावर थेट बसणारा पहिला रंग. आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्याची एक तपकिरी बाटली अजून फडताळात आहे. ब्रिटननं बीटा-नॅप्थिलअमाईनचं उत्पादन १९५० च्या आधीच थांबवत आणलं आणि १९५३ मध्ये रंगकामगारांच्या मूत्राशयाच्या कॅन्सरला धंद्यातून होणारा आजार म्हणून मान्यता दिली. जर्मनीनं १९९४ मध्ये अशी अमाईनं सोडणाऱ्या अॅझो गटातल्या रंगांवर कपड्यांपुरती बंदी घातली, आणि भारतातही १९९० च्या दशकात अशा कितीतरी रंगांवर बंदी आली. मामांनी हौदाशी काम सुरू केलं ते या बंदीच्या बरंच आधी. आणि हा कॅन्सर वीस-वीस, तीस-तीस वर्षं वाट बघतो.

मामांच्या बाबतीत रंगानं केलं की बिडीनं, याचा निवाडा कुणीच करू शकत नाही, आणि मला तो करायचाही नाही. तंबाखूच्या धुरात तेच बीटा-नॅप्थिलअमाईन असतं. कुत्र्यांवर वापरलेलं, कारखान्यात बंद केलेलं, तेच. जगभर मूत्राशयाच्या कॅन्सरचं सगळ्यात मोठं कारण धूम्रपान आहे. ज्या गावात हजारो बायका घरी बसून बिड्या वळतात आणि पुरुष रंगाच्या हौदाशी उभे राहतात, त्या गावानं या आजाराचं नाव अधिक मोठ्यानं घ्यायला हवं.

आता परत टी२४ कडं. १९८२ साली अमेरिकेत रॉबर्ट वाइनबर्ग, मारियानो बार्बासिद आणि मायकेल विग्लर यांच्या तीन गटांनी या पेशी-घराण्यातलं बिघडलेलं जनुक सुटं केलं आणि अक्षर अक्षर लावून पाहिलं. रास नावाचं ते जनुक. निरोगी जनुकाशी ताडून पाहिलं तर फरक एकाच अक्षराचा. त्या एका अक्षरानं प्रथिनातला बारावा घटक बदलला होता, ग्लायसीनच्या जागी व्हॅलीन आलं होतं. माणसाच्या कॅन्सरमागचा एवढा नेमका जनुकीय बदल त्याआधी कधीच सापडला नव्हता, आणि तो सापडला मूत्राशयाच्या कॅन्सरमध्ये.

हे पाठ्यपुस्तकांत असतं. त्यापुढची गोष्ट पाठ्यपुस्तकांत अजून फारशी शिरलेली नाही, आणि मामांना जे सांगायचं होतं ते तिथं होतं.

२००९ मध्ये लंडनमध्ये कॅथरीन होगन, यासुयुकी फुजिता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रासचा नेमका तोच बदल घेतला, बाराव्या जागेवर व्हॅलीन. तो त्यांनी १९५८ मध्ये एका कॉकर स्पॅनियल कुत्रीच्या मूत्रपिंडातून काढलेल्या पेशींत घातला. या पेशी छान सलग थर करून वाढतात म्हणून अस्तराच्या अभ्यासाला वापरल्या जातात. मग त्यांनी दोन गोष्टी करून पाहिल्या. आजूबाजूच्या सगळ्याच पेशी बिघडलेल्या असल्या तर काहीच घडलं नाही, सगळ्या आपापल्या जागी राहिल्या. पण मूठभर बिघडलेल्या पेशी निरोगी पेशींच्या वेढ्यात ठेवल्या, तर निरोगी पेशींनी त्यांना चहूबाजूंनी आवळून वर, थराच्या बाहेर ढकलून दिलं. काहींनी मात्र वर न जाता खालच्या बाजूला पाय पसरले.

मी हा भाग वाचून पुस्तक मिटून ठेवलं होतं, एवढी मी हलून गेले होते. तीच पेशी, तोच बिघाड. शेजार निरोगी असला तर ती बाहेर फेकली जाते, शेजारही तसाच असला तर सुखानं नांदते. म्हणजे कॅन्सर हा केवळ एका पेशीच्या आतला बिघाड नाही. भोवतालच्यांनी त्याला जागा द्यावी लागते, किंवा जागा राखायची त्यांची ताकद आधी संपावी लागते. मूत्राशयात असं वर ढकललं जाणं म्हणजे थेट लघवीत पडणं. आपल्यापैकी कितीजणांच्या अस्तरानं किती वेळा हे काम केलं असेल, आपल्याला पत्ताही न लागू देता.

पेशींमधली ही चढाओढ १९७५ मध्ये स्पेनमध्ये फळमाश्यांच्या पंखांवर पहिल्यांदा दिसली होती. तिथं मंद वाढणाऱ्या पेशी एकट्या असताना जगत होत्या, पण चांगल्या वाढणाऱ्या पेशींच्या शेजारी ठेवल्या की नाहीशा होत होत्या. नियम एकच, पण त्याचा फायदा कुणाला होईल हे ठरलेलं नाही. कधी निरोगी जिंकते, कधी बिघडलेली. दाटी झाली की काही पेशी ती सहन करतात आणि काही आपणहून मरतात, एवढ्यावरसुद्धा निकाल फिरतो. पोलंडमध्ये क्रॅकोच्या माल्गोर्झाता लेक्का आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये मूत्राशयाच्या पेशींवर एक अतिसूक्ष्म टोक दाबून पाहिलं, तर कॅन्सरच्या पेशी निरोगी पेशींहून कितीतरी मऊ निघाल्या. हाताला लागणारी गाठ कठीण, आणि तिच्यातली सुटी पेशी मऊ, चिंचोळ्या जागेतून निसटू शकणारी. रॉटरडॅममध्ये १९९० च्या दशकात उंदराच्या मूत्राशयाच्या अस्तराचे तुकडे काचेत वाढवून त्यात टी२४ सोडल्या गेल्या, आणि दिसलं की त्या निरोगी अस्तरात किती पसरतील हे त्यांना मिळणाऱ्या वाढीच्या संदेशांवर आणि पायाखालच्या थरावरही ठरतं. पेशी कुणाला चिकटून राहते, कुणाला सोडते, याची गणितं संगणकावर मांडणारेही आहेत. ती गणितं सुंदर असतात, पण माझं मन तिथं रमत नाही. मला डबीत डोळ्यांना दिसणारी सरहद्द हवी असते.

मामांच्या प्रश्नाला सर्वांत जवळ जाणारा प्रयोग २०१४ चा, अमेरिकेतला. कुन्यू शिन, फिलिप बीची आणि त्यांच्या गटानं उंदरांच्या मूत्राशयाच्या अस्तरातल्या तळाच्या मूळपेशींवर खूण केली, अशी की त्या पेशींच्या पुढच्या सगळ्या पिढ्यांमध्ये ती उतरावी. मग उंदरांना पिण्याच्या पाण्यातून महिनोन्‌महिने नायट्रोसअमाईन कुळातलं एक रसायन दिलं. ते कुळ तंबाखूच्या धुरातलंच. पुढं जे दिसलं ते असं: स्नायूत घुसणारा कॅन्सर याच मूळपेशींतून उगवला, आणि त्यातही एकाच पेशीतून. पण तो उगवायच्या आधी त्या एका पेशीची लेकरं आडवी पसरली होती. अस्तराचा मोठा भाग त्यांनी व्यापला होता. गाठ नव्हती, फुगवटा नव्हता, चट्ट्यासारखा चपटा पसारा, माणसात ज्याला जागच्या जागचा कॅन्सर म्हणतात हुबेहूब तसा. खाली घुसण्याची पाळी त्यानंतर आली.

आधी आडवं, मग खोल. गाठ दिसते तेव्हा जमीन बरीच आधी गेलेली असू शकते.

मामांना मी हे सांगितलं ते त्यांच्या ओसरीवर, कागदावर चित्र काढून. एक लांब पट्टी काढली, हे तुमच्या लघवीच्या पिशवीचं आतलं अस्तर. एका ठिकाणी गाठ काढली, ही डॉक्टरांनी खरवडली ती. मग तिच्या दोन्ही अंगांना पेन्सिलीनं फिकट रेघा ओढत नेल्या. “हे दिसायला चांगलं आहे, पण बांध कोरून घेतलेलं आहे. यातून कुठूनही परत उगवू शकतं. म्हणून डॉक्टर सारखी दुर्बीण घालतात. तुम्हाला त्रास द्यायला नव्हे.”

मामांनी कागद हातात घेऊन बराच वेळ पाहिला. मग विचारलं, “ह्या रेघा पुसायच्या कशा?”

त्याचंच औषध त्यांना सुरू होणार होतं. बीसीजी. बाळाच्या दंडावर टोचतात ती, क्षयाची. १९७६ मध्ये कॅनडात अल्वारो मोरालेस आणि सहकाऱ्यांनी नऊ रुग्णांच्या मूत्राशयात ती सोडून पाहिली आणि गाठी परत येण्याचं प्रमाण घटल्याचं दाखवलं. आज जवळजवळ पन्नास वर्षांनी तेच या अवस्थेतलं मुख्य औषध आहे. नळीवाटे आत सोडतात, दोनेक तास लघवी धरून ठेवायची, सुरुवातीला आठवड्यातून एकदा असं सहा आठवडे. जिवंत पण दुबळे जंतू अस्तरावर बसतात आणि शरीराची प्रतिकारशक्ती तिथं धावून येते. गाठ काढणारा चाकू दिसेल तेवढंच काढतो. बीसीजी सगळ्या अस्तरावरून फिरते. मामांना जळजळ झाली, ताप आला, पण त्यांनी एकही डोस चुकवला नाही. का घ्यायचं ते समजलं होतं म्हणून, असं मला मनापासून वाटतं.

डबीतल्या प्रयोगांना मर्यादा आहेत आणि त्या इथं सांगायलाच हव्यात. सपाट डबीत लघवी नसते. डबी भरत नाही, ताणत नाही, रिकामी होत नाही. तिच्यात प्रतिकारशक्तीच्या पेशी नसतात, म्हणजे बीसीजीचं सगळं नाट्य जिथं घडतं तो रंगमंचच नसतो. टी२४ इतकी वर्षं प्लास्टिकवर वाढून प्लास्टिकच्याच सवयीच्या झाल्यात. उंदराला काही महिन्यांत जे होतं ते माणसाला तीस वर्षांत होतं. म्हणून आता रुग्णाच्याच गाठीतल्या पेशींपासून घन, गोल, थरांची रचना राखणारे सूक्ष्म गोळे वाढवतात. २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या गटानं मूत्राशयाच्या कॅन्सरचा असा संग्रहच उभा केला. तरीसुद्धा सगळं सांगेल असं एक प्रारूप नाही. प्रत्येक प्रारूप एका प्रश्नापुरतं खरं बोलतं, आणि शहाणा संशोधक त्याला दुसरा प्रश्न विचारत नाही.

आणि निरोगी म्हणजे तरी काय? २०२० मध्ये दोन गटांनी कॅन्सर नसलेल्या भागातलं माणसाचं मूत्राशय बारकाईनं तपासलं. वय वाढेल तसं त्या अस्तरात बदललेल्या जनुकांच्या पेशींची ठिगळं जागोजाग पसरलेली असतात. बांध तिथंही कोरले जात असतात. पण कॅन्सरमध्ये हमखास भेटणारे काही बदल त्या ठिगळांत क्वचितच सापडले. म्हणजे पसरणं आणि कॅन्सर होणं एक नव्हे. २०२१ मध्ये केंब्रिजच्या एका गटानं उंदराच्या अन्ननलिकेत तर याच्या पुढचं दाखवलं: अशीच बदललेली पण कॅन्सर नसलेली ठिगळं पसरता पसरता नुकत्या उगवलेल्या सूक्ष्म गाठींना जागेवरून हटवून नाहीसं करत होती.

तेव्हापासून “कॅन्सरशी झुंज” हे शब्द मला रुग्णासमोर वापरवत नाहीत. झुंज म्हटलं की सगळं लक्ष शत्रूवर जातं आणि हार झाली की दोष लढणाऱ्याच्या माथी येतो. मला त्या हिरव्या पेशींबद्दल बोलावंसं वाटतं, ज्या तिथं आधीपासून नांदत होत्या. त्या दमू नयेत म्हणून काय करता येईल, हा प्रश्न मला औषधाइतकाच मोलाचा वाटतो.

त्याचं एक उत्तर फुप्फुसातून आलंय. २०२० मध्येच, सोळा जणांच्या श्वासनलिकेच्या पेशी एकेक करून तपासल्या गेल्या. धूम्रपान करणाऱ्यांच्या बहुतेक पेशींत हजारो बदल. पण ज्यांनी सोडलं होतं त्यांच्यात जवळजवळ निर्व्यसनी माणसासारख्या पेशींचं प्रमाण, अजून ओढणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे चौपट होतं. कुठंतरी टिकून राहिलेल्या निरोगी पेशी धूर थांबल्यावर परत पसरल्या होत्या. हे मी मामांना त्याच कागदाच्या मागं काढून दाखवलं. फुप्फुसातलं आहे, पिशवीतलं नाही, हेही स्पष्ट सांगितलं. बिडीचं बंडल त्यांनी मामींच्या हातात दिलं आणि सांगितलं, “जाळ चुलीत.”

मामा आता बरे आहेत, दुर्बिणीच्या तारखा चालू आहेत. मला ज्यांची काळजी लागून राहिली आहे ते त्यांचे सोबती. हौदाशी उभी राहिलेली ती पिढी आता साठी-सत्तरीत आहे, म्हणजे नेमकी त्या वयात. लघवीत सुटून आलेल्या पेशी काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची पद्धत अमेरिकेतल्या डॉ. पापानिकोलाऊ यांनी १९४५ मध्येच दाखवून दिली होती, आणि पाश्चात्त्य देशांतल्या रंगकारखान्यांनी ती कामगारांसाठी वापरली. रक्त आहे का एवढं पाहायची पट्टी तर अगदी स्वस्त असते. आपल्याच जिल्ह्यात, बार्शीत, १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदवही सुरू झाली. गावोगाव फिरून नोंदी ठेवायचं काम सोलापूर जिल्ह्याला नवं नाही. मग शहरातल्या जुन्या डाईंग कामगारांची यादी का असू नये? कुठल्या डाईंगला, किती वर्षं, कुठला रंग, बिडी होती का, आणि वर्षातून एकदा लघवीची तपासणी.

यादीची सुरुवात मी आणि मामांनी केली आहे. रविवारी सकाळी ते नावं सांगतात, मी वहीत उतरवते. काहीजण भिवंडीला गेले, काही इचलकरंजीला, काही परत तेलंगणात आपल्या गावी. अशोक चौकातल्या चहाच्या टपरीवर त्यांतले चार-पाच अजून भेटतात. त्यांच्याशी तेलुगूत बोलायला माझी एक विद्यार्थिनी सोबत येते, तिचे आजोबाही डाईंगलाच होते. पुढच्या महिन्यात एका डॉक्टरांनी तपासणीसाठी दिवस द्यायचं कबूल केलंय. वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरात असं कुणी असेल, तर नाव आणि डाईंगचं ठिकाण तेवढं आमच्यापर्यंत पोचवा.